नदीकाठच्या कोरड्या टप्प्यावरची बागायती जमीन: माती कशी तपासावी, पाणी कसे बेतावे

खानदेशातल्या तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, गोमाई या नद्यांच्या काठाने पसरलेली सपाट काळी जमीन नदीनेच आणून टाकलेली आहे. पण आज तिथवर नदी पोचत नाही. पात्र खाली कापत गेले, शेत वर राहिले. तापीकाठी तर काही ठिकाणी शेताचा बांध आणि नदीचे पाणी यांत दहा-पंधरा मीटरचे अंतर आहे. कोरडा टप्पा म्हणतात तो हाच. इथे पूर येत नाही, नवा गाळ बसत नाही आणि जुने क्षार धुऊन नेणारे पाणीही चढत नाही. पाऊस साधारण ६०० ते ७५० मिमी. तेवढ्या पावसाने चुना थोडा खाली सरकतो आणि तीन-चार फुटांवर खड्यांच्या रूपात साठतो, त्याहून खाली जात नाही. अशी हजारो वर्षे मुरलेली ही माती. तिच्यावर पाट, विहीर, बोअर आणि ठिबक आले, आणि केळीसारख्या पिकाला पावसाच्या दुपटीने पाणी द्यावे लागू लागले. बहुतेक अडचणी तिथून सुरू होतात.

या जमिनीची पारख वरच्या एका फुटावरून होत नाही. दोन शेजारी शेते वरून सारखीच काळी दिसतील. एकाखाली आठ फूट चिकणमाती असेल, दुसऱ्याखाली दोन फुटांवर चुन्याने घट्ट झालेली वाळू. म्हणून लॅटरल (ठिबकाच्या नळ्या), टाकी, रोपे यांच्या आधी पहिला खर्च दीड मीटर खोल खड्ड्याचा करावा.

तुमचे शेत कोणत्या टप्प्यावर आहे

नदीपासून डोंगराकडे चालत गेलात तर साधारण चार तऱ्हेच्या जमिनी लागतात. पात्राला लागून मळई असते: रेतीमिश्रित पोयटा, हलकी, कधीमधी पुराखाली जाणारी. तिथे क्षारांची चिंता कमी. पाणी आणि खत टिकत नाही हीच अडचण. मळई संपली की चढ लागतो आणि बरेचदा घळींनी कुरतडलेली पट्टी येते. तिथे काळा थर वाहून गेलेला असतो आणि पिवळट मऊ माती उघडी पडलेली असते. त्याच्या वर खरा टप्पा, सपाट आणि खोल काळा. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या उत्तर काठावर केळी, ऊस, पपई उभी असते ती बहुतांशी इथेच. आणखी सातपुड्याकडे सरकलात की सुकी, मोर, अनेर यांसारख्या नद्यांनी डोंगरातून लोटून आणलेल्या गोट्यांचा पट्टा सुरू होतो. तिथे माती उथळ, तांबूस-करडी, आणि पाणी झपाट्याने झिरपते.

दक्षिणेकडच्या लहान नद्यांचे टप्पे वेगळे. पांझरा, बोरी आणि गिरणेच्या वरच्या भागात काळ्या मातीखाली बसाल्टचे गोलगोटे असतात, आणि ते बरेचदा चुन्याने एकमेकांना चिकटून दगडासारखे झालेले असतात. पहार आपटून मागे उडते तो हा थर. मुळे त्यात शिरत नाहीत, पाणी फक्त फटींतून जाते.

खऱ्या टप्प्यावरही सगळीकडे सारखेपणा नसतो. जुन्या पुरांत जाड रेती काठाजवळ पडली आणि बारीक चिकणमाती मागे, काठापासून लांब. त्यामुळे टप्पा नदीकडे किंचित उंच आणि मागे किंचित खोलगट असतो. फरक फूट-दोन फुटांचा असेल, डोळ्यांना कळतही नाही. पाण्याला मात्र कळतो. पाटाचे आणि शेजाऱ्यांचे झिरपलेले पाणी त्या मागच्या खोलगटात येऊन थांबते. पांढरे पट्टे पहिल्यांदा दिसतात ते तिथेच.

खड्डा: कधी, कुठे, काय पाहायचे

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात भिंती ढासळतात, मे महिन्यात काळी माती फोडता फुटत नाही. एका पिकाखालच्या सारख्या दिसणाऱ्या दोन-तीन एकरांना एक खड्डा पुरतो, पण चढ आणि खोलगट असे दोन्ही भाग असतील तर दोन खोदा. लांबी दीड मीटर, रुंदी एक मीटर, खोली दीड मीटर. एका बाजूने पायऱ्या ठेवा. पिवळट पोयट्याच्या भिंती न सांगता कोसळतात, म्हणून एकट्याने आत उतरू नका आणि काढलेली माती काठावर रचू नका. काम झाल्यावर खालची माती खाली आणि वरची वर अशीच भरा.

उन्हाकडची भिंत सुरीने खरवडून ताजी करा. टेप लावा आणि वरून खाली या क्रमाने लिहून घ्या: रंग कुठे बदलतो, मुळे कुठवर जातात, पहिला चुनखडा किती खोलीवर, ओल कुठे, सुरी कुठे अडते.

काळ्या थरात दीड-दोन फुटांखाली तिरके, घासून गुळगुळीत झालेले चकचकीत पृष्ठभाग दिसतात. फुगताना-आकसताना माती स्वतःवरच घसरते, त्याच्या या खुणा. त्या दिसल्या की समजा, ही माती ओली झाल्यावर जवळजवळ बंद होते आणि कोरडी झाल्यावर भेगाळते. पाण्याचे नियोजन त्यावरच बेतायचे आहे.

चुनखडे सुटे, वाटाण्याएवढे आणि विरळ असतील तर काळजी नाही. खड्यांचा सलग थर दोन-अडीच फुटांच्या आत आला तर लिंबू, मोसंबी, पपई यांचा विचार सोडा. उथळ मुळांची पिके तिथे चालतात, पण लोहाची कमतरता दरवर्षी सांभाळावी लागेल.

मुळे कुठे वळली आहेत तेही पाहा. मागच्या पिकाच्या कापसाचे सोटमूळ ८-९ इंचांवर आडवे झाले असेल तर तिथे नांगराची किंवा रोटाव्हेटरची तळी बसली आहे. हा दोष नदीचा किंवा चुन्याचा नाही, ओल्यात केलेल्या मशागतीचा आहे, आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना सबसॉयलरने ४५ सेंमीपर्यंत फोडली की तो सुटतो. ओल्या जमिनीत सबसॉयलर फिरवला तर नुसती फट पडते, तळी जशीच्या तशी राहते.

खड्ड्याजवळच करायच्या परीक्षा

पोत हाताने कळतो. मूठभर माती भिजवून मळा आणि अंगठा व तर्जनीमधून पट्टी काढा. पट्टी ५ सेंमीच्या पुढे न तुटता गेली तर भारी चिकणमाती, अडीच ते पाच असेल तर मध्यम, त्याआधी तुटली तर पोयटा. पट्टी झालीच नाही तर रेताड. प्रत्येक थराची पट्टी वेगळी काढा.

चुन्यासाठी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. बाजारातले आम्ल साधारण ३० टक्क्यांचे असते. दोन भाग पाण्यात एक भाग आम्ल हळूहळू ओता. आम्लात पाणी कधीही ओतू नका, उसळून डोळ्यांत जाते. हातमोजे आणि चष्मा हवाच. ढेकळावर दोन-चार थेंब टाका. नुसता कानाला आवाज आला तर चुना थोडा. जोरात फेस आला तर मुक्त चुना ५ टक्क्यांच्या वर समजा आणि नेमका आकडा प्रयोगशाळेकडून घ्या. हीच परीक्षा पृष्ठभागावरच्या पांढऱ्या पापुद्र्याला लावा: फसफसला तर चुना, न फसफसता पाण्यात विरघळला तर क्षार. दोहोंचे उपाय वेगळे आहेत.

तिसरी परीक्षा सगळ्यांत मोलाची आणि जवळजवळ फुकट. प्रत्येक थरातून वाटाण्याएवढे कोरडे ढेकूळ घ्या. काचेच्या वाटीत पावसाचे किंवा बॅटरीसाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात ते अलगद सोडा. ढवळू नका, वाटी हलवू नका. दहा मिनिटांनी आणि दोन तासांनी बघा. ढेकूळ अखंड राहिले तर उत्तम. फुटून त्याचा ढीग झाला पण पाणी नितळ राहिले तर सेंद्रिय पदार्थ कमी आहे. शेणखत, हिरवळीचे खत हा त्यावर उपाय. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियमने माती विखुरते आहे, म्हणजे जमीन चोपण होऊ लागली आहे. ही परीक्षा विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात करू नका. त्या पाण्यातले क्षार विखुरणे दाबून ठेवतात आणि आजारी माती निरोगी दिसते. बागायती चोपण शेतात पहिल्या मोठ्या पावसानंतरच पाणी का साचते, त्याचे कारणही हेच: पावसाचे पाणी शुद्ध असते, वरचे क्षार धुतले जातात, सोडियम मातीला चिकटून राहतो आणि माती विखुरून छिद्रे बुजतात.

झिरप मोजायला ३० सेंमी व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा जमिनीत १०-१५ सेंमी ठोका. आदल्या दिवशी जागा भिजवा, नाहीतर भेगांतून पाणी जाते आणि आकडा खोटा येतो. डब्यात पाणी भरत राहा, पहिले दोन तास सोडून द्या आणि तिसऱ्या तासात पातळी किती उतरली ते मोजा. तासाला अर्ध्या सेंमीपेक्षा कमी म्हणजे मंद, अर्धा ते दोन सेंमी मध्यम, त्याच्या वर जलद. खोल काळ्या टप्प्यावर बहुधा अर्ध्या सेंमीच्या आतच येईल.

नमुना आणि अहवाल

हंगामी पिकासाठी २०-२५ सेंमी खोलीचा व्ही आकाराचा खड्डा घेऊन आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करतात, ते ठीक. केळी, ऊस, फळबाग असेल तर ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमी असे तीन नमुने वेगळे द्या. बांधाखाली, उकिरड्याच्या जागी, झाडाच्या सावलीत किंवा नुकतेच खत पडलेल्या ठिकाणी नमुना घेऊ नये. माती सावलीत वाळवून, चार भाग करत करत अर्धा किलोवर आणा.

ठिबकाच्या शेतात आणखी एक काळजी. क्षार ड्रिपरच्या खाली नसतात, ओल जिथे संपते त्या कडेला साठतात. म्हणून ड्रिपरखालची, दोन लॅटरलच्या मधली आणि ओलीच्या कडेची माती एकत्र मिसळली तर सरासरी चांगली दिसते आणि रोग लपतो. तीन पिशव्या वेगळ्या करा.

कृषी विद्यापीठाच्या, कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा शासनाच्या प्रयोगशाळेत नमुना देताना सामू (पीएच), ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप), सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना यांखेरीज विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी म्हणजे ईएसपी आणि जस्त-लोहही मागा. ईएसपी न मागितल्यास बहुधा मिळत नाही, आणि टप्प्यावरच्या बागायतीला तोच आकडा सगळ्यांत गरजेचा.

अहवाल वाचताना ईसी कशाची आहे ते पाहा. एकास अडीच प्रमाणात पाणी घालून काढलेली ईसी १ डेसीसायमन प्रतिमीटरच्या आत असेल तर निर्धास्त राहा. १ ते २ मध्ये उगवणीला धोका, २ ते ३ मध्ये नाजूक पिकांना, ३ च्या वर बहुतेक पिकांना. संपृक्त अर्काची (माती पाण्याने पूर्ण भिजवून गाळून काढलेल्या पाण्याची) ईसी त्याच मातीत बरीच जास्त येते, तिथे ४ ही खारवट जमिनीची सीमा आहे. दोन्ही आकड्यांची तुलना करू नका. चोपणाची पुस्तकी सीमा ईएसपी १५ ची. आमचे मत त्याहून कडक आहे: फुगणाऱ्या काळ्या मातीत ईएसपी ५-६ वर गेला की निचरा खालावू लागतो, त्यामुळे १५ ची वाट पाहू नये.

सामू ८ ते ८.५ ही इथली नेहमीची गोष्ट आहे, ती चुन्यामुळे येते. तेवढ्यावरून जमीन चोपण ठरत नाही. ८.५ च्या वर गेला तर मात्र ईएसपी बघितल्याशिवाय राहू नका.

पाण्याचा नमुना

बाटली पंप अर्धा तास चालल्यावर भरा. ईसी ०.७५ च्या आत असेल तर पाणी चांगले, २.२५ पर्यंत निचऱ्याच्या जमिनीत सांभाळून, त्यापुढे टाळावे. पण टप्प्यावर ईसीपेक्षा जास्त घात आरएससी करतो. कार्बोनेट व बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियमची बेरीज वजा केली की तो मिळतो, लिटरला मिलीइक्विव्हॅलंटमध्ये. १.२५ च्या आत सुरक्षित, २.५ च्या वर वाईट. हे पाणी गोडसर लागते, ईसीही कमी दिसते, म्हणून शंका येत नाही. पण ते मातीतला कॅल्शियम चुना करून टाकते आणि मोकळ्या झालेल्या जागी सोडियम बसतो. दहा वर्षांत चांगली काळी जमीन चोपण होते ती अशी. पूर्णेच्या गाळपट्ट्यात तर उघड मचूळ आणि खाऱ्या विहिरीही आहेत. मुक्ताईनगरकडच्या शेतकऱ्याने बोअरचे पाणी तपासल्याशिवाय केळी लावू नये.

आरएससी जास्त असेल तर टाकीत किंवा पाटाच्या तोंडाशी जिप्सम ठेवून पाणी त्यावरून काढतात. हिशोब सोपा: १ लाख लिटर पाण्यातला आरएससी १ ने उतरवायला शुद्ध जिप्सम ८.६ किलो लागते. आरएससी ४ आहे, २.५ वर आणायचा, तर दीडपट म्हणजे सुमारे १३ किलो. शुद्धता ८० टक्के असेल तर १६ किलो. ठिबकात न विरघळलेले जिप्सम जाऊ देऊ नका, तोट्या बुजतात. गाळणी आणि निवळ टाकी हवी.

पाणी किती आणि कितीदा

खड्ड्याच्या नोंदींचा उपयोग इथे होतो. खोल काळी माती दर १० सेंमीला पिकाच्या उपयोगी पाणी साधारण १६ ते १८ मिमी धरते, मळईचा रेताड पोयटा १० मिमीच्या आसपास. गव्हाची कामाची मुळे ६० सेंमी धरली तर काळ्या जमिनीत १०० मिमी साठा. त्यातला निम्मा संपला की पाणी द्यायचे, म्हणजे पाळी ५० मिमीची. एकराला ते सुमारे २ लाख लिटर. सेकंदाला ८ लिटर देणाऱ्या पंपाला सात तास. जानेवारीत गहू दिवसाला ४ मिमीच्या आसपास पाणी घेतो, तर बारा दिवसांनी पुन्हा. आता तोच हिशोब ४० सेंमीवर गोटे असलेल्या जमिनीसाठी करा: तिथली हलकी मातीही दर १० सेंमीला १० मिमीच धरते असे समजा, म्हणजे साठा ४० मिमी, पाळी २० मिमी, पाचव्या दिवशी पुन्हा पाणी. तिथे सात तास पंप चालवला तर निम्म्याहून जास्त पाणी आणि त्यासोबत युरिया गोट्यांत गेला.

काळ्या मातीखाली एकदम रेती किंवा गोटे असले तर लोकांना वाटते निचरा छान होईल. उलट होते. बारीक मातीतले पाणी जाड थरात सहज उतरत नाही. वरचा थर पूर्ण भिजेपर्यंत ते सांध्यावर थांबून राहते आणि मुळे तिथे गुदमरतात. अशा जमिनीत हलक्या पाळ्या आणि उंच गादीवाफा हाच मार्ग.

भेगांबद्दलही सावध राहा. रुंद भेगा पडल्यावर दिलेले पहिले पाणी भेगांतून थेट खाली जाते, मुळांच्या भोवतीचे ढेकूळ आतून कोरडेच राहते. बोटभर रुंदीच्या आतच पाणी द्या, आणि पाळ्यांच्या मधे कोळपे किंवा हातकोळपे फिरवून भेगांची तोंडे बुजवा.

ठिबकासाठी केळीचा एक हिशोब: अंतर १.८ × १.५ मीटर, म्हणजे झाडाला २.७ चौरस मीटर. मे महिन्यात बाष्पीभवन पात्र दिवसाला १२ मिमी दाखवत असेल, तर १२ × पात्र गुणांक ०.७ × पीक गुणांक १.१ × २.७ = सुमारे २५ लिटर; पसाऱ्याचा (झाडाने व्यापलेल्या जागेचा) गुणांक ०.८ धरला तर २० लिटर. भारी काळ्या टप्प्यावर खोडाच्या दोन्ही बाजूंना ३० सेंमीवर एकेक इनलाइन लॅटरल, ड्रिपर ५० सेंमीवर, तासाला २ लिटरचे. झाडाला सहा ड्रिपर, १२ लिटर तासाला, एकूण १ तास ४० मिनिटे. ४ लिटरचा ड्रिपर इथे घेऊ नका. माती तेवढ्या वेगाने पीत नाही, पाणी वर तळे करते आणि सरीत वाहते. गोट्यांच्या किंवा मळईच्या जमिनीत उलट: ड्रिपर ३०-४० सेंमीवर, आणि तेच २० लिटर दिवसातून तीन-चार वेळा विभागून, कारण तिथे ओल बाजूला पसरत नाही, सरळ खाली जाते.

मृगबागेला (जून-जुलैत लावलेल्या केळीला) जूनमध्ये एक गोष्ट हमखास चुकते. पहिल्या हलक्या सरी आल्या की ठिबक बंद करतात. त्या सरींनी ओलीच्या कडेला साठलेले क्षार विरघळतात आणि मुळांकडे सरकतात. पाने कडेने करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो. चांगला ५० मिमी पाऊस होईपर्यंत ठिबक चालू ठेवा, म्हणजे क्षार बाहेरच ढकलले जातील.

क्षार धुण्यासाठी किती जादा पाणी लागते तेही काढता येते. पाण्याची ईसी भागिले (पिकाच्या सहनसीमेची पाचपट वजा पाण्याची ईसी). सहनसीमा संपृक्त अर्काची: कांदा १.२, मका आणि ऊस १.७, भुईमूग ३.२, गहू ६, कापूस ७.७. पाण्याची ईसी १ असेल तर कांद्याला २० टक्के, मक्याला १३ टक्के, कापसाला जेमतेम ३ टक्के जादा. पण निचरा नसेल तर हे जादा पाणी विषच. भारी जमिनीत हे धुणे उन्हाळ्यात करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये बांध घालून पावसाच्या पाण्यानेच करा, ते फुकट आणि शुद्ध आहे.

साक्री तालुक्यात पांझरा आणि कान नद्यांवर जी जुनी फड पद्धत (बंधाऱ्याचे पाणी फड नावाच्या सामायिक पट्ट्यांना पाळीने देण्याची) आहे तिच्यात हे शहाणपण बांधणीतच आहे. सगळ्या फडात एकच पीक, त्यामुळे उसाचे पाणी शेजारच्या ज्वारीत झिरपत नाही, आणि उरलेले पाणी परत नदीकडे जाते. आज प्रत्येक गटाचे पीक वेगळे आणि चाऱ्या बुजलेल्या. वरच्या शेतात बारमाही ऊस असेल तर खालच्याने स्वतःच्या बांधालगत ९० सेंमी ते १ मीटर खोल चर काढावा आणि तो नाल्यापर्यंत न्यावा. चर शेतातच संपवला तर ते नुसते तळे होते.

चोपणावर जिप्सम: कधी, किती

चुनखडी कमी करायला जिप्सम टाकणे हा पैशाचा अपव्यय आहे. जिप्सम चुना कमी करत नाही, ते सोडियमला कॅल्शियमने हटवते. ईएसपी कमी असेल तर त्याची गरजच नाही.

गरज असेल तर हिशोब असा. एका एकराच्या १५ सेंमी थराचे वजन सुमारे ८ लाख किलो. १०० ग्रॅम मातीतला १ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला एकरी ७०० किलो शुद्ध जिप्सम लागते. ईएसपी १८, विनिमय क्षमता (१०० ग्रॅम माती धरू शकते ते कॅल्शियम-सोडियमसारखे आयन) ५० मिलीइक्विव्हॅलंट, आणि ईएसपी ८ वर आणायचा, तर ५० चे १० टक्के म्हणजे ५ मिलीइक्विव्हॅलंट: ३५०० किलो. ८० टक्के शुद्धतेचे असेल तर ४४०० किलो. निम्मे पहिल्या वर्षी टाका, माती पुन्हा तपासा, मग उरलेले. मे अखेरीस बारीक भुकटी पसरून वरच्या १०-१५ सेंमीत वखराने मिसळा, खोल गाडू नका. नंतर बांध घालून पावसाचे पाणी मुरू द्या आणि चर मोकळे ठेवा. सुटलेला सोडियम खाली निघून गेला नाही तर तो पुन्हा मातीला चिकटतो आणि जिप्सम वाया जाते.

आमच्या टप्प्यांत चुना भरपूर असतो, म्हणजे कॅल्शियम आहे पण विरघळत नाही. तो सोडवायला गंधक चालते. १ टन जिप्समचे काम सुमारे १९० किलो गंधक करते. पण ते काम जिवाणू करतात, त्यांना ओल, ऊब आणि काही महिने लागतात. लागवडीच्या तोंडावर टाकलेले गंधक त्या पिकाला कामाचे नाही. सोबत जूनमध्ये धैंचा एकरी २० किलो पेरून फुलावर येताना, ४५-५० दिवसांत गाडा. धैंचा चोपणातही उगवतो आणि त्याची मुळे पाण्याला वाट करतात.

सपाटीकरण आणि गाळ

जेसीबी लावून उंचवटा कापला आणि खड्डा भरला की शेत दिसायला देखणे होते, पण उंचवट्यावरचा काळा थर खड्ड्यात जातो आणि कापलेल्या जागी पिवळी, चुनखडीची, कर्ब नसलेली माती उघडी पडते. पुढची पाच-सात वर्षे तो पट्टा पिवळाच राहतो. आधी वरची २० सेंमी माती बाजूला ढिगात काढा, खालची माती सपाट करा, मग वरची परत पसरा. खर्च वाढतो, तरी ते परवडते.

धरण-तलावांतला गाळ बहुतेक भारी चिकणमातीचा असतो. गोट्यांच्या आणि रेताड जमिनीला तो वरदान आहे. खोल काळ्या टप्प्यावर मात्र तो टाकू नये; तिथे निचऱ्याची उणीव आहे, चिकणमातीची नाही. ५ सेंमी थराला एकरी सुमारे ७० ब्रास लागतात. आधी सामू व ईसी तपासा, आणि पसरून जुन्या मातीत मिसळा. नुसता थर ठेवला तर वर पापुद्रा धरतो.

अन्नद्रव्ये, थोडक्यात

स्फुरद चुन्याशी बांधला जातो, म्हणून फोकू नका. शेणखतात मिसळून ओळीत पेरा. युरिया वर टाकून उघडा ठेवला तर अमोनिया उडतो, मातीआड करा. जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर एकरी ८-१० किलो झिंक सल्फेट शेणखतासोबत. लोह ४.५ च्या खाली आणि नवी पाने हिरव्या शिरा ठेवून पिवळी पडत असतील तर अर्धा टक्का फेरस सल्फेटची फवारणी. जमिनीतून चिलेट (लोह विरघळते ठेवणारे संयुग) द्यायचे तर ईडीडीएचए मागा. स्वस्त ईडीटीए लोह आठच्या सामूला टिकत नाही. पाणी जास्त झाल्यानेही असेच पिवळे पडते, तेव्हा आधी फावड्याने ओल बघा, मग फवारा.

घळीच्या कडेची पट्टी

टप्प्याची नदीकडची कड पिवळट, विखुरणाऱ्या मातीची असते. शेतातले जादा पाणी कडेवरून पडले की आधी वर काहीच दिसत नाही. पाणी भेगेतून आत शिरते, आत बोगदा होतो आणि एका पावसात छत कोसळते. पुढच्या वर्षी घळ पाच-दहा फूट शेतात शिरलेली असते. कडेपासून ८-१० मीटर पट्टी नांगराविना ठेवा, तिच्यावर पवना, मारवेल यांसारखे गवत आणि बांबू धरा. ठिबकाची फ्लश लाइन आणि सरीचे शेवट त्या दिशेला काढू नका. पाणी उतरवायचेच असेल तर एकाच जागी, दगडी पायऱ्यांवरून किंवा पाइपातून थेट घळीच्या तळापर्यंत. बांधात बिळासारखे भोक दिसले तर ते उंदराचे समजून सोडू नका. त्यात बादलीभर पाणी ओता. पाणी थांबले नाही तर ती जागा तळापर्यंत खोदून, जिप्सम मिसळलेली ओलसर चिकणमाती थराथराने ठोकून भरा. वरून नुसते बुजवलेले भोक पुढच्या पावसात पुन्हा उघडते. शेततळे या पट्टीत घेऊ नका. टप्प्याच्या आत घेतलेत तरी खड्ड्यात पिवळा पोयटा लागला असेल तर प्लास्टिक अस्तराशिवाय पाणी टिकत नाही.